काहीच दिसलं नाही, तर लिहिता काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय कुणी आपणहून काढत नाही. खाडीकाठी किंवा पुळणीवर प्राणी-पक्ष्यांच्या नोंदी करत, वही घेऊन फिरणाऱ्या माणसाला हा प्रश्न हमखास येतो. जेट्टीवर जाळं शिवत बसलेले काका विचारतात, कॉलेजची मुलं विचारतात, कासवं बघायला आलेले पाहुणे तर विचारतातच. "काय, आज काय गावलं?" "काही नाही." "मग लिवताय काय येवढं?"

शून्य लिहितो.

ते लिहिणं दिसतं तेवढं सोपं नाही. नोंदीच्या तक्त्यात रकाना रिकामा सोडला, तर त्याचा अर्थ 'तिथे पाहिलंच नाही'. शून्य घातलं, तर अर्थ 'पाहिलं, पण नव्हतं'. आणि पाहिलं खरं, पण समोरून ऊन डोळ्यांवर होतं, धुकं होतं, होडी हलत होती, तर ती तिसरीच गोष्ट झाली. ती शब्दांत लिहावी लागते. नंतर कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून सगळे रिकामे रकाने एका झटक्यात शून्य करून टाकतो, आणि न पाहिलेली जागा 'तपासलेली' होऊन बसते. असे तक्ते मी बघितलेत. त्यातून निघालेले नकाशे दिसायला फार सुंदर असतात.

पाणमांजराचं उदाहरण घ्या. पाणमांजर प्रत्यक्ष दिसणं ही नशिबाची गोष्ट, म्हणून आम्ही त्याची विष्ठा शोधतो. खाडीकाठच्या खडकावर, कांदळवनाच्या कडेला, ठरलेल्या जागी ती पडते. ताजी असेल तर काळपट, ओलसर आणि माशाच्या वासाची. वाळली की करडी होते. काडीने उकललीत की आत माशांचे खवले चमकतात, बारीक काटे निघतात, चिंबोरीच्या कवचाचे तुकडे निघतात. आता हाच खडक उधाणाच्या भरतीत पाण्याखाली जात असेल, तर भरती ओसरल्यावर तो धुऊन लख्ख. तुम्ही तासाभराने पोचलात आणि 'विष्ठा : ०' लिहिलंत. ते शून्य पाणमांजराबद्दल काहीच सांगत नाही, खडक धुतला गेला एवढंच सांगतं. म्हणून शून्याच्या शेजारी भरतीची वेळ, शेवटचा पाऊस कधी पडला, किती लांबीचा काठ चाललो, किती वेळ, किती जण, हे सगळं येतं. काकांना जे 'येवढं' लिहिणं दिसतं ते हे.

भरतीच्या वेळेसाठी आता मोबाइलवर तक्ते मिळतात, पण किनाऱ्यावरच्या माणसाला पाऊणकी पुरते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. अमावास्या-पुनवेला भरती दुपारी बाराकडे सरकते, शिवाय ती उधाणाची. त्या दिवशी दुपारी चिखलावर पक्षी मोजायला गेलात तर चिखलात टिपणारा एक चिखल्या पक्षी दिसणार नाही, कारण मुळात चिखलच पाण्याखाली असतो. पक्षी तेव्हा एखाद्या उंच बांधावर किंवा मिठागराच्या कडेला दाटीवाटीने उभे असतात. मोजायला खरं तर तीच वेळ चांगली. सकाळी सहाला, ओहोटीत, तेच पक्षी चिखलभर पांगलेले असतात आणि दुर्बीण लावूनही निम्मे निसटतात. जागा तीच, दिवस तोच, पण आकडे दोन. दोन्ही खरे, फक्त वेळ लिहिलेली हवी.

कासवांकडे या. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालायला ओडिशाच्या किनाऱ्यावर एकेका रात्री हजारोंनी चढतात. कोकणात तसं नाही. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा पुळणींवर एखादी मादी येते, मग काही दिवस कुणीच नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वेळासच्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही घरटी शोधून जपण्याचं काम उभं केलं. आज किनाऱ्यावर पहाटे चालणाऱ्या माणसाला 'कासवमित्र' हे नावच पडलंय. त्याच्या बहुतेक सकाळी रिकाम्याच जातात. माग दिसला तर तो समुद्राकडून वर येतो, एका ठिकाणी वाळू उसकटलेली असते आणि दुसरा माग परत पाण्याकडे जातो. काठीने हळूच चाचपलं की जिथे वाळू भुसभुशीत लागते तिथे घरटं.

पण कधी कधी दोन्ही माग असतात आणि घरटं नसतं. मादी वर आली, काहीतरी खटकलं, अंडी न घालताच परत गेली. पुष्कळ जण ही नोंदच करत नाहीत, कारण अंडी नाहीत, पिल्लं नाहीत, दाखवायला काही नाही. माझ्या मते मोसमातली सगळ्यात मोलाची नोंद हीच. मादी नेमकी कुठून वळली? तिथे रिसॉर्टचा दिवा होता का? कुत्र्यांचे माग होते का? वाळू कडक झाली होती का? अशा माघारी एकाच पट्ट्यात वारंवार होऊ लागल्या, तर दिव्याबद्दल बोलायला हातात काहीतरी असतं. नुसतं 'यंदा घरटी कमी झाली' म्हणून कोण ऐकणार!

आता कुणी म्हणेल, मग मोठे शोध लागतात कसे? असेच लागतात. २०२१ मध्ये ओडिशात एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला ०३२३३ क्रमांकाची धातूची पट्टी बसवली होती. जानेवारी २०२५ मध्ये तीच मादी गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, ही समजूत त्या एका पट्टीने हलवली. बातम्यांत क्रमांक गाजला, आणि गाजायलाच हवा होता. पण त्या रात्री पुळणीवर माणूस होता, कारण आधीच्या कितीतरी रात्री काही न सापडूनही तिथे माणूस होता. मुंबईत अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. त्यातली कुठलीही एक नोंद ज्या दिवशी झाली त्या दिवशी बिनकामाचीच वाटली असणार.

हल्ली फोटो आला तरच नोंद, अशी पद्धत पडलीय. त्यामुळे बिबट्या रस्त्याकडेलाच राहतो आणि पक्षी रविवारीच येतात, असं नकाशावर दिसतं. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी पाठवताना शेवटी एक प्रश्न येतो : ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? 'हो' म्हटलंत तरच यादीत नसलेल्या पक्ष्यांचं शून्य धरता येतं. लोक घाईत 'हो' दाबून मोकळे होतात. कावळा आणि साळुंकी लिहायचा कंटाळा असेल, तर सरळ 'नाही' दाबावं, त्यात कमीपणा नाही.

आणि प्राणी असूनही माझ्या नजरेतून निसटत नाही कशावरून? निसटतं. म्हणून एकाच जागी परत परत जायचं. जिथे कधी माग सापडतो, कधी नाही, तिथे प्राणी आहे हे तर नक्की. तिथल्या रिकाम्या फेऱ्यांवरून आपली नजर किती वेळा चुकते याचा हिशेब काढता येतो. मग जिथे कधीच काही सापडलं नाही, तिथल्या शून्यावर किती भरवसा ठेवायचा तेही सांगता येतं.

हे सगळं कुणाच्या उपयोगी पडतं, असं शेवटी विचारतातच. एखाद्या खाडीच्या तोंडाशी जेट्टी यायची असते. कुणीतरी तज्ज्ञ ऐन पावसाळ्यात दोन दिवस येऊन जातात आणि अहवालात 'कासवांची घरटी आढळली नाहीत' असं लिहितात. वाक्य खोटं नाही, कारण कोकणात कासवं हिवाळ्यात येतात. त्याला उत्तर द्यायचं तर नोव्हेंबर ते मार्च रोज पहाटे कोण चाललं, काय दिसलं आणि कधी दिसलं नाही, याची वही टेबलावर ठेवावी लागते. त्या वहीत फक्त सापडलेली घरटी असली तर समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "बाकीच्या दिवशी तुम्ही गेला होतात का?"

त्यामुळे भरतीची वेळ आणि चाललेलं अंतर लिहिल्याशिवाय मी मुलांकडून शून्य घेत नाही. वैतागतात. एकीने तर परवा तक्त्यात 'सरांचा राग' असा रकाना वाढवला होता, आणि त्याच्याखाली वेळेसकट नोंदही होती.