दुआवरून सुनावणी

इस्रायलमध्ये माणसाला नोकरीवरून काढण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. त्या सुनावणीला शिमुआ म्हणतात. आमच्या रुग्णालयाच्या कामगार समितीवर मी आहे, त्यामुळे कर्मचाऱ्याच्या बाजूने बसायचं काम अनेकदा माझ्याकडे येतं. बहुतेक प्रकरणं रजेची, नाहीतर औषधांच्या नोंदीतल्या गोंधळाची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र एका नर्सच्या दुआवरून शिमुआ लागला.

ती अरब, मुसलमान, माझ्याच वॉर्डातली. ७ तारखेला हमासने केलेल्या हल्ल्यात बाराशेच्या आसपास माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. मग गाझावर बॉम्ब पडू लागले. तिच्या आजीकडचे नातेवाईक तिथेच. तिने फेसबुकवर काळ्या चौकटीत एकच ओळ टाकली : 'हस्बुनल्लाहु व निअमल वकील', अल्लाह आम्हाला पुरेसा आहे, तोच उत्तम पाठीराखा. वॉर्डातल्या कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट वर पाठवला. आरोप काय, तर दहशतवादाचं समर्थन.

त्या दिवसांत हे सगळीकडेच चाललं होतं. नाझरेथची गायिका दलाल अबू आम्ना 'अल्लाहशिवाय कुणी विजेता नाही' ही ओळ आणि पॅलेस्टिनी झेंडा टाकल्यामुळे अटकेत गेली. पेताह तिकवातल्या एका हृदयरोगतज्ज्ञाला प्रोफाइलवरच्या हिरव्या झेंड्यापायी निलंबित केलं. त्यावर कलमा, म्हणजे इस्लामवरच्या श्रद्धेचं वचन, लिहिलेला होता, लोकांनी तो हमासचा झेंडा ठरवला. चित्र तर आदल्या वर्षीचं होतं.

सुनावणीच्या खोलीत टेबलावर तिच्या पोस्टची छापील प्रत होती. काळ्या शाईने कागद आक्रसला होता, तिच्या नावाभोवती लाल पेनाने गोल केलेला. शेजारी हिब्रू भाषांतर, कुणीतरी फोनवरून करून घेतलेलं. "हमासचा निषेध करतेस का?" पहिलाच प्रश्न. ती म्हणाली, "करते. त्या शनिवारी मला सुट्टी होती, तरी फोन येताच आले. तिथून आणलेल्या जखमींची ड्रेसिंग मी केलीत." थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. मग आणखी एकदा. माझं डोकं भणाणलं. देशातल्या जवळपास पाव नर्स अरब आहेत, फार्मासिस्ट तर निम्म्याच्या घरात. यांच्या हातची इंजेक्शनं चालतात, आणि प्रार्थनेचा खुलासा मागायचा?

मी माझा फोन टेबलावर ठेवला. त्याच आठवड्यात मी तेहिलीममधलं, म्हणजे आम्हा ज्यूंच्या स्तोत्रसंग्रहातलं, ९४वं स्तोत्र टाकलं होतं : सूड घेणाऱ्या देवा, प्रकट हो. बुधवारच्या प्रार्थनेत आम्ही ते म्हणतोच. मी विचारलं, "यावरून माझा शिमुआ कधी?"

कायदा सल्लागार म्हणाले, "ती प्रार्थना आहे."

"मग हीसुद्धा प्रार्थनाच आहे. माझ्या ओळीत सूड तरी आहे, हिच्या ओळीत तोही नाही."

कुणी उत्तर दिलं नाही. पण मला थांबवलंही नाही, म्हणून बोलत राहिले. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून इथे आलेले मराठी ज्यू. १९६२ मध्ये इथल्या मुख्य धर्मपीठाने फतवा काढला, की आमच्या माणसाचं लग्न लावण्याआधी त्याच्या पूर्वजांची चौकशी करा, तो खरा ज्यू आहे का बघा. कोकणात शेकडो वर्षं शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस, पाळलेल्यांची चौकशी! १९६४ मध्ये आमची माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, त्यात माझे बाबा होते. ऑगस्टमध्ये क्नेसेटला, म्हणजे इथल्या संसदेला, ठराव करून सांगावं लागलं, की हे सर्वार्थाने ज्यूच आहेत. बाबा ही हकीकत आम्हा भावंडांना मराठीत सांगायचे, आणि दरवेळी त्यांचा आवाज चढायचा. देवाला कसं मानतोस याचा जबाब द्यायला लावणं काय असतं, हे माझ्या घराला ठाऊक आहे. त्या खोलीत मी गप्प बसले असते तर बाबांना तोंड दाखवता आलं नसतं.

तिची नोकरी राहिली. लेखी समज मात्र फाईलला लागली, आणि तिने फेसबुक बंदच करून टाकलं.

पुढच्या शब्बाथला इस्रायलमधल्या रामला शहरात प्रार्थनेनंतर एका मावशींनी मला बाजूला घेतलं. "अगं, आपला भाचा सीमेवर, आणि तू त्यांची बाजू घेतेस?"

"मावशी, भाच्यासाठी मी रोज तेहिलीम म्हणते. तिलाही तिच्या माणसांसाठी म्हणू दे की."

मावशी माझ्याशी अजून धड बोलत नाहीत. ती समज फाईलमधून काढावी म्हणून समितीतर्फे मी दुसऱ्यांदा अर्ज दिला आहे.