कातकामाची खोली नागपुरात लावताना

लेथ (लाकूड फिरवत हत्याराने गोल आकार द्यायचं यंत्र) कोणता घ्यावा, हे सगळे आधी विचारतात. त्याच्याही आधी ठरवायची गोष्ट म्हणजे ग्राइंडर लेथपासून किती पावलांवर राहणार. दोन पावलांवर असला तर दर दहा-पंधरा मिनिटांनी धार लागते. दुसऱ्या खोलीत असला तर बोथट गाऊज (पन्हाळीसारख्या पात्याचं कातायचं हत्यार) दाबून दाबून वापरला जातो, तंतू कापले न जाता उपटले जातात आणि तो खडबडीतपणा काढायला ८० नंबरचा काच पेपर घेऊन अर्धा तास घासत बसावं लागतं. खोलीतली सगळ्यांत बारीक धूळ याच घासण्यातून उडते. ग्राइंडरची जागा चुकली की धूळ वाढते, ती अशी. म्हणून खोलीचा नकाशा आधी कागदावर काढावा आणि मशीन मागाहून आणावं.

बाजारात ज्याला खराद म्हणतात त्या कामाला मराठीत स्वतःचे शब्द आहेत. कातकाम, कातारी, कातीव हे शब्द आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. ते वापरायला संकोच नको.

जागा

नागपूरच्या घरात बहुधा तीन जागा सुचतात: गच्चीवरची टिनाची शेड, खालचं पार्किंग किंवा जुन्या घराची सांदवाडी. यांत गच्ची सगळ्यांत वाईट. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बाहेर ४५ अंश असताना टिनाखाली त्याहून जास्त तापतं. ओला ओंडका एका दुपारीत टोकांना तडकतो, सुपर ग्लू बाटलीतच घट्ट व्हायला लागतो आणि लेथची थरथर स्लॅबमधून खालच्या खोलीत उतरते. दुसरी जागाच नसेल तर टिनाखाली हवा खेळेल इतकी फट सोडून सिमेंट बोर्डाचं छत करा. थर्माकोल लावू नका, ग्राइंडरच्या ठिणग्या आणि थर्माकोल एका खोलीत नकोत.

तळमजल्यावर ८ बाय १० फूट जागा मिडी (मध्यम आकाराच्या) लेथला पुरते. जमीन साध्या काँक्रीटची बरी. गुळगुळीत टाइलवर भुसा पडला की पाय सरकतो, आणि हात हत्यारावर असताना पाय सरकणं फार महागात पडतं.

आता कूलरबद्दल. उन्हाळ्यात माणूस बसेल तिथे कूलर लावायची आपली सवय आहे, पण या खोलीत तो तीन प्रकारे त्रास देतो. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर सगळी धूळ दाराखालून घरात ढकलतो. हत्यारांवर आणि लेथच्या बेडवर गंज आणतो. आणि ओलसर हवेत मापाला बसवलेलं झाकण बाहेरच्या कोरड्या हवेत गेलं की नीट बसत नाही. लेथच्या मागच्या भिंतीत, स्पिंडलच्या (लाकूड फिरवणाऱ्या दांड्याच्या) उंचीला, १२ इंची एग्झॉस्ट पंखा बसवा. समोरची खिडकी उघडी ठेवा आणि घराकडचं दार बंद. मे महिन्यात सकाळी साडेपाच ते साडेआठ ही कामाची वेळ. दुपारी धार लावणं, मापं काढणं, लाकडाला मेण लावणं अशी बसून करायची कामं करावीत.

लेथ आणि वीज

घरच्या कामाला १० ते १२ इंच स्विंग (फिरू शकणाऱ्या लाकडाचा सर्वांत मोठा व्यास), दोन सेंटरमध्ये (लाकूड दोन्हीकडून धरणाऱ्या टोकांमध्ये) १६ ते १८ इंच अंतर आणि पाऊण ते एक हॉर्सपॉवरची मोटर पुरते. घेताना तीन गोष्टी तपासा. हेडस्टॉक (मोटरकडचं डोकं) आणि टेलस्टॉक (समोरचं सरकतं टोक) दोन्हीकडे मोर्स टेपर नंबर २ (जोडण्या बसवायचं निमुळतं भोक) असावा. स्पिंडलचा आटा १ इंच ८ टीपीआय (इंचात ८ आटे) आहे की ३३ बाय ३.५ मिलिमीटर, हे लिहून ठेवा, कारण चक (लाकूड पकडणारी चार जबड्यांची पकड) त्याच आट्याचा घ्यावा लागतो. तिसरं, टेलस्टॉक पुढे सरकवून दोन्ही सेंटरांची टोकं समोरासमोर भिडतात का पाहा. अर्धा मिलिमीटर फरक असला तरी ड्रिल वाकडं जातं आणि भोक मोठं होतं.

उंचीचा नियम साधा आहे. उभं राहून हात कोपरात वाकवा, कोपर जमिनीपासून जितक्या उंचीवर तितक्यावर स्पिंडलचा मध्य. साडेपाच फुटी माणसाला हे साधारण १०४ ते १०६ सेंटिमीटर येतं. स्टँड खालून ठेंगणा असेल तर पायांखाली सागवानी ठोकळे द्या. स्टँडच्या खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवून ६०-७० किलो वजन वाढवा. वेडावाकडा ओंडका फिरताना मशीन नाचतं ते वजन कमी असल्यामुळे, आणि पुष्कळ लोक त्याचा दोष बेअरिंगला देतात.

लेथ भिंतीला चिकटवू नका. मागे दीड फूट सोडा, नाहीतर कीस साचून मोटरच्या जाळीवर बसतो आणि मोटर तापते. टेलस्टॉकच्या बाजूला दोन फूट मोकळे हवेत, म्हणजे टेलस्टॉक काढून बाजूला ठेवता येतो. लाकूड सुटलं तर ते स्पिंडलला काटकोनात उडतं. त्या रेषेत दार, खिडकीची काच किंवा बसायचा स्टूल नको.

लेथला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सी प्रकारचा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग द्या. नो-व्होल्ट स्विच हवाच. वीज गेली, तुम्ही चकात किल्ली घालून ठेवली, वीज आली आणि लेथ आपोआप सुरू झाला, तर ती किल्ली गोळीसारखी सुटते. नो-व्होल्ट स्विच असला की बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. बंद करायचं बटण टेलस्टॉकच्या टोकाला, कमरेच्या उंचीवर असावं, म्हणजे फिरत्या लाकडासमोरून हात न्यावा लागत नाही.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावून थ्री-फेज मोटर चालवायची असेल तर मोटरची पाटी वाचा. स्टार आणि डेल्टा हे मोटरच्या तारा जोडायचे दोन प्रकार. आपल्याकडची लहान मोटर बहुधा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेली असते. सिंगल-फेजवर चालणाऱ्या व्हीएफडीतून २३० व्होल्टच मिळतात, त्यामुळे ती डेल्टामध्ये बदलावी लागते. हे न करता जोडलं की मोटर फिरते खरी, पण जरा दाब पडला की बसते.

फेऱ्यांसाठी एक आडाखा: व्यास इंचात गुणिले मिनिटाचे फेरे, हा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवा. १० इंची वाडग्याला ६०० ते ९००. ओबडधोबड ओंडका मात्र ३००-४०० वरच सुरू करायचा.

उजेडाला दोन एलईडी दिवे: एक वरून, एक बाजूने तिरपा. तिरप्या उजेडात ओरखडे दिसतात. चोकवाली जुनी ट्यूब एकटी लावू नका. ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि ठरावीक वेगाला फिरतं लाकूड थांबल्यासारखं भासतं.

धार

सुरुवातीला सहा हत्यारं पुरतात: पाऊण इंची रफिंग गाऊज (चौकोनी ठोकळा गोल करायला), ३/८ इंची स्पिंडल गाऊज, ३/८ किंवा १/२ इंची बोल गाऊज (वाडग्यासाठी), पाऊण इंची स्क्यू (तिरप्या धारेचं), ३ मिलिमीटरचं पार्टिंग टूल (कापून वेगळं करायला) आणि एक इंची गोल स्क्रेपर. सगळी हायस्पीड स्टीलची घ्या. रफिंग गाऊज वाडग्यावर कधीही चालवू नका. त्याची मुठीत जाणारी शेपटी चपटी आणि बारीक असते, आडव्या तंतूत टोक अडकलं की तिथेच मोडते.

आपल्या बाजारात ६ इंची, मिनिटाला साधारण २८०० फेऱ्यांचा ग्राइंडर सहज मिळतो. त्यावर आलेला करडा दगड काढून पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा ८० ग्रिटचा बसवा. करडा दगड लवकर चोंदतो, मग घासतो आणि पातं तापवतो. नवा दगड बसवण्याआधी टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत तडा आहे, तो दगड टाकून द्यायचा. महिन्यातून एकदा डायमंड ड्रेसरने तोंड सपाट करा.

कोन असे धरा: बोल गाऊज ५५ ते ६० अंश, स्पिंडल गाऊज ४० ते ४५, रफिंग ४५, स्क्यूचा दोन्ही बाजू मिळून ३५ ते ४०, स्क्रेपर ७० ते ८०. तरीही आकड्यापेक्षा तोच कोन दर वेळी येणं महत्त्वाचं आहे. गाऊजच्या जिगमधून (धार लावताना कोन पक्का धरणाऱ्या साच्यातून) पातं नेमकं ४५ मिलिमीटर बाहेर यावं म्हणून ग्राइंडरच्या टेबलावर तेवढ्या खाचेचा एक ठोकळा स्क्रूने कायमचा बसवा. पातं ठोकळ्याला टेकवायचं, जिग आवळायचा. धार लावण्याआधी कडेला मार्करची शाई फासा आणि दगड हाताने एकदा फिरवा. शाई वरपासून खालपर्यंत सारखी निघाली तर कोन बरोबर, फक्त टोकाशी निघाली तर कोन बोथट होतो आहे.

हायस्पीड स्टील थोडं निळं पडलं तरी बिघडत नाही, पण लाल तापवून पाण्यात बुडवू नका, कडेला सूक्ष्म तडे जातात. साध्या कार्बन स्टीलचं उलट: निळं पडलं की पोलादाचं पाणी (कडकपणा) गेलं, म्हणून त्याला दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवायचं.

हत्यारं ठेवायला दोन इंची पीव्हीसी पाइपचे १० इंची तुकडे तिरपे लावले की झालं. तळ बंद करू नका, नाहीतर भुसा साचतो. हा रॅक उजव्या हाताला, टेलस्टॉकच्या बाजूला. हेडस्टॉकच्या मागच्या भिंतीवर लावला की फिरत्या लाकडावरून वाकून हत्यार घ्यावं लागतं, आणि ओढणी, सदऱ्याची बाही, गळ्यातली साखळी अडकते ती त्याच वेळी. हातमोजेही नकोत.

धूळ

लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये नोंदवली आहे. शिसवी आणि सागवानाच्या धुळीने अनेकांच्या त्वचेला खाज आणि पुरळही येतं. घासताना एन-९५ मास्क, कातताना पूर्ण चेहऱ्याची ढाल, यात सवलत नाही. ग्राइंडरजवळ भुशाचं पोतं ठेवू नका आणि त्याच्या ठिणग्या व्हॅक्यूमच्या नळीत जाऊ देऊ नका. एका ठिणगीने पोतं तासाभरानंतरही धुमसू शकतं.

लाकूड

लकडगंजात सॉ मिलवाल्यांकडे सागवानाचे छाटलेले तुकडे मिळतात. जुन्या वाड्यांच्या पाडकामातलं सागवान वाळलेलं आणि स्थिर असतं, पण आत खिळे असतात, म्हणून करवत लावण्याआधी सगळ्या बाजूंनी चुंबक फिरवा. सागवानात सिलिका असते, धार लवकर जाते, पुन्हा ग्राइंडरच्याच दोन पावलांचा मुद्दा आला. शिकायला हळदू (या झाडाचं लाकूड) मिळाला तर उत्तम: बारीक तंतूंचा, एकसारखा, सहज कापला जाणारा.

काटोल, नरखेड, कळमेश्वर भागात जुन्या संत्र्याच्या बागा काढतात तेव्हा खोडं बहुतेक जळणात जातात. हे लाकूड पिवळसर, घट्ट आणि कातकामाला सुरेख असतं. खोड बारीक असतं आणि झपाट्याने तडकतं, एवढीच अडचण. तोडल्या दिवशीच दोन्ही टोकांना वितळलेलं मेण फासा, हव्या त्या लांबीपेक्षा तीन इंच जास्त ठेवा आणि ओंडका मधोमध, गाभ्याच्या बिंदूतूनच उभा चिरून घ्या. तो बिंदू आत राहिला की तडा ठरलेला.

वादळात पडलेलं झाड समोर दिसलं तरी उचलण्याआधी परवानगीचं बघा. शहरात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेकडे, आणि बाहेरून सागवान आणताना वनखात्याच्या वाहतूक परवान्याचं. लकडगंजातून घेतलं तर बिल जपून ठेवा.

ओल्या लाकडाचा वाडगा आधी जाड कातायचा: व्यासाच्या एक दशांश, म्हणजे १० इंची वाडग्याला १ इंच भिंत. तळाशी पेन्सिलने तारीख आणि वजन लिहा. मार्च ते जून दुहेरी कागदी पिशवीत त्याच्याच किसात पुरून ठेवा. जुलै ते सप्टेंबर मात्र पिशवीत बुरशी येते, तेव्हा उघड्यावर, पण पंख्याच्या थेट झोतापासून आडोशाला. तीन आठवडे वजन बदललं नाही की पुन्हा कातायला घ्या.

डबीच्या झाकणाने पुष्कळ जण हैराण होतात. हवेतली आर्द्रता २० टक्के असेल तर लाकडातला ओलावा ४ टक्क्यांच्या आसपास येतो, ८० टक्के असेल तर १६ च्या. मे आणि ऑगस्टमधला हा फरक ६० मिलिमीटरच्या सागवानी डबीत तंतूंच्या आडव्या दिशेला अर्धा ते एक मिलिमीटर भरतो, आणि सगळीकडे सारखा नाही, म्हणून गोल झाकण लंबगोल होतं. मेमध्ये घट्ट बसवलेलं झाकण श्रावणात निघत नाही. उन्हाळ्यात सैलसर बसवा.

पॉलिशला विदर्भातलं जवसाचं तेल चांगलं, कच्चं असेल तर वाळायला आठवडे घेतं. तेल लागलेल्या चिंध्या चुरगळून टाकू नका, त्या स्वतःहून पेटतात, आणि आपल्या उन्हाळ्यात लवकर. तारेवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा. चपडा (लाखेचे पापुद्रे) स्पिरिटमध्ये ५०० मिलिलिटरला १०० ग्रॅम. भर पावसात तो पांढुरका पडतो, उघाड बघून लावा.

पहिलं काम

मांडणी जमली का, हे पाहायला तान्ह्या पोळ्याला मुलं ओढतात त्या लाकडी नंदीची चार चाकं करा. तीन इंच चौरस, पाच इंच लांब ठोकळा दोन सेंटरमध्ये गोल करा आणि एका टोकाला ८ मिलिमीटर लांबीचा खुंटा काढा. त्याचा व्यास असा ठेवा की चकाचे जबडे जेमतेम उघडे असताना तो बसेल. तेव्हाच चौघांचा मिळून पूर्ण गोल होतो आणि पकड सगळीकडे लागते. खुंट्याचं टोक चकाच्या तळाला टेकू देऊ नका, खांदा जबड्यांवर बसला पाहिजे. टेलस्टॉकमधून ५०० फेऱ्यांवर १० मिलिमीटरचं भोक ९५ मिलिमीटर खोल पाडा, दर १५ मिलिमीटरला ड्रिल मागे घेऊन भुसा काढत. मग १८ मिलिमीटरवर चार खुणा, मध्ये ५ मिलिमीटर पार्टिंगसाठी. कडा गोल करून चारही चाकं आधी घासून घ्या आणि शेवटी कापा. कापताना ड्रिल चकात ८ मिलिमीटरची गुळगुळीत सळई धरून भोकात सारून ठेवा, म्हणजे सुटलेलं चाक जमिनीवर न पडता सळईवर अडकतं. या कामात पाच हत्यारं, ड्रिल, कॅलिपर आणि तीन नंबरांचे काच पेपर हाती येतात. ज्या वस्तूसाठी दोन पावलांहून जास्त चालावं लागलं, तिची जागा त्याच संध्याकाळी बदला.