तुम्ही विचारलंत म्हणून: मोजणी सोडून शिकवायला गेलेला माणूस

"बाई, तुम्ही ना ख्रिस्ती, ना मिशनच्या शाळेत शिकलेल्या. मग त्या सिंगापूरच्या बिशपबद्दल इतक्या भरभरून का बोलता?" हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, जुने विद्यार्थी विचारतात, मुलीच्या सिंगापूरच्या शेजारणीनेही विचारला. दर वेळी मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि दर वेळी ते अपुरं पडतं. आज सविस्तर सांगते.

त्या बिशपचं नाव विल्यम फिट्झजेम्स ओल्डम. जन्म 1854 सालचा, बंगळूरचा. वडील ब्रिटिश फौजेत. मुलगा मोठा होऊन सरकारी मोजणी खात्यात लागला, आणि माझा जीव गुंतला तो इथेच. माझे वडील भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. आमच्या घरी कोनाड्यात जुनी गुंटर साखळी असायची, शंभर कड्यांची, सहासष्ट फुटांची. पावसाळ्याआधी आई तिला खोबरेल तेल लावायची. पुढे मी सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला, त्याचं मूळ त्या साखळीत आहे. त्यामुळे सर्व्हेअर म्हणून उन्हातान्हात हिंडणारा विशीतला ओल्डम मला परका वाटतच नाही.

विल्यम टेलर हा अमेरिकन धर्मप्रचारक तेव्हा हिंदुस्थानात मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा प्रचार करत होता, ठिकठिकाणी सभा होत होत्या. 1873 मध्ये ओल्डम पुण्यात होते. तिथल्या सभांना ते गेले आणि त्यांचं आयुष्य पालटलं. माझ्याच गावात हे घडलं, याचं मला अजून अप्रूप आहे. पुढे त्यांनी पगाराची नोकरी सोडली, अमेरिकेला गेले आणि पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलेगनी कॉलेजात पुन्हा विद्यार्थी झाले. पत्नी मारी यांनीही तिकडे माउंट होल्योक या स्त्रियांच्या शिक्षणसंस्थेत शिक्षण घेतलं. संसार थाटल्यावर दोघांनी पुन्हा बाकावर बसायचं, तेही त्या काळात! या जोडीबद्दल मला आदर वाटतो, तो निव्वळ यासाठी.

परत आल्यावर त्यांची नेमणूक झाली सिंगापूरला. मेथडिस्ट धर्मप्रचारक जेम्स थोबर्न (तेही पुढे बिशप झाले) यांच्यासोबत ते 7 फेब्रुवारी 1885 रोजी तिथे उतरले. थोबर्न काही दिवसांत परतले, ओल्डम राहिले. ओळखपाळख नाही, चिनी भाषा येत नाही. चिनी वस्तीत फिरताना त्यांना एका मंडळाची पाटी दिसली, असं सांगतात: सेलेस्टियल रीझनिंग असोसिएशन. इंग्रजीतून वादविवाद करणाऱ्या चिनी व्यापाऱ्यांचं ते मंडळ. त्यांच्यापुढे बोलायची संधी ओल्डमना मिळाली. हा माणूस धर्मप्रचारक, त्याने ते कधी लपवलं नाही. पण त्या दिवशी विषय घेतला खगोलशास्त्राचा. ऐकणाऱ्यांत तान केओंग साइक हे व्यापारी होते. मोजणीवाल्याला आकाश पाठ असणारच, अक्षांश काढायचे तर ताऱ्यांकडे बघावं लागतं.

व्याख्यानानंतर तान यांनी त्यांच्याकडे आपल्याला इंग्रजी शिकवण्याची मागणी केली. शाळेचं बीज ते. बंदरात व्यापार करायचा तर इंग्रजी पत्र लिहिता आलं पाहिजे, करारपत्र वाचता आलं पाहिजे, आणि मुलांची चिनीही सुटता कामा नये, ही त्या व्यापाऱ्यांची गरज होती. 1 मार्च 1886 ला अमॉय स्ट्रीटवरच्या 70 नंबरच्या घरात शाळा भरली. मुलं तेरा. अर्धा दिवस चिनी, अर्धा दिवस इंग्रजी, म्हणून नाव अँग्लो-चायनीज स्कूल. वर्षभरात पट शंभरावर गेला आणि शाळा कोलमन स्ट्रीटला हलवावी लागली.

मुलीकडे गेले तेव्हा मी अमॉय स्ट्रीट पायी पाहिला. खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी अरुंद, खोल घरं. पुढे पाच फुटांची पडवी, एका घराची दुसऱ्याला जोडलेली, म्हणजे पावसातही माणूस न भिजता गल्लीच्या टोकापर्यंत जातो. पलीकडच्या तेलोक आयर रस्त्याला पूर्वी समुद्राचं पाणी लागायचं, नंतर भराव पडला. म्हणजे शाळा बंदराच्या जवळच, मालाच्या वासात आणि हमालांच्या गलक्यात भरली. तेरा पोरं तिथे काय ऐकत असतील, असं म्हणत मी पडवीतल्या खांबाला टेकून बराच वेळ उभी राहिले.

प्रकृतीने साथ दिली नाही आणि 1889 मध्ये ओल्डम सिंगापूर सोडून गेले. जेमतेम साडेचार वर्षं. तेवढ्यात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या सोफिया ब्लॅकमोर यांना कामात जोडून घेतलं आणि 1887 मध्ये मुलींची शाळाही उभी राहिली. दोन्ही शाळा आजही चालू आहेत. पुढे 1904 मध्ये ते बिशप झाले, मलाया आणि फिलिपाइन्सचं काम पाहिलं, 1916 पासून दक्षिण अमेरिकेत होते, 1937 मध्ये वारले. लोक बिशपपदाबद्दल विचारतात. मला मात्र त्या साडेचार वर्षांपुढे बाकीचं सगळं लहान वाटतं.

त्याला कारणही आहे. निवृत्तीनंतर मी सोसायटीच्या हॉलमध्ये घरकाम करणाऱ्या बायकांसाठी संध्याकाळचा वर्ग काढला. पहिल्या दिवशी नकाशा लावला, नद्या दाखवल्या. अकरा जणी आल्या होत्या, पुढच्या आठवड्यात चार. मी खूप दुखावले. त्याच सुमारास ओल्डमबद्दल वाचलं, आणि त्या चौघींना पहिल्यांदा विचारलं, "तुम्हाला काय शिकायचंय गं?"

एकीने कनवटीची घडी काढली. विजेचं बिल होतं. "बाई, ह्यात मागची बाकी कुठं लिहिलीय ते दाखवा. दर महिन्याला घरमालक म्हणतो तेवढे देते मी."

त्या दिवशी आम्ही ते एकच बिल दीड तास वाचलं. पुढच्या मंगळवारी सातजणी आल्या, आपापली बिलं घेऊन.