अनुदान अडीच लाख, उरलेले साडेतीन लाख कुणी आणायचे?

परवडणाऱ्या घरांचं बोलणं निघालं की ते अनुदानाच्या आकड्यावर येऊन थांबतं. प्रधानमंत्री आवास योजनेत सरकार आणि इतर संस्थांच्या भागीदारीतून होणाऱ्या घरांना केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, एवढं सगळ्यांना पाठ असतं. आता सोलापूरजवळच्या कुंभारीत उभ्या राहिलेल्या रे नगर या कामगारांच्या गृहप्रकल्पाचा हिशेब बघा. ३० हजार घरं, जाहीर खर्च सुमारे १८११ कोटी, म्हणजे घरामागे सहा लाखांच्या थोडं वर. सरकारी मदत ७५० कोटी. उरलेले घरामागचे साडेतीन लाख विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक अशा कुटुंबांच्या वाट्याचे. प्रकल्पात सर्वांत जास्त पैसा लाभार्थ्याचा असतो, आणि प्रकल्प अहवालात सर्वांत कमी पानं त्याच्यावर खर्च होतात. मध्यम शहरांतल्या बऱ्याच योजना अडतात त्या इथेच.

म्हणून बँकेचं काम पायाभरणीनंतर नव्हे, लाभार्थ्यांची यादी तयार होत असतानाच सुरू करायला हवं. बँकेला दोन गोष्टी लागतात: उत्पन्नाचा माग आणि निर्वेध तारण. विडी कामगार महिलेकडे पगाराची स्लिप नसते, पण कारखान्याचं ओळखपत्र असतं, पीएफचा क्रमांक असतो. पीएफच्या खात्यात वर्षानुवर्षं भरणा दिसतो आणि कर्ज अधिकाऱ्याला नियमितपणा दाखवायला तो पुरेसा बोलका असतो. मात्र तिचं नाव पीएफमध्ये माहेरचं, आधारवर सासरचं आणि रेशनकार्डावर तिसऱ्याच स्पेलिंगचं असेल, तर प्रकरण परत येतं. घर कुटुंबातल्या स्त्रीच्या नावावर किंवा संयुक्त नावावर घ्यायचं असल्याने ही अडचण जवळपास प्रत्येक वस्तीत येते. यादी मंजुरीला पाठवण्याआधी प्रत्येक वस्तीत शिबिर भरवून ही तीन कागदपत्रं एकसारखी करून घ्या. त्यात गेलेले दोन-तीन महिने पुढे वसूल होतात.

ज्यांच्याकडे पीएफही नाही, ते राष्ट्रीयीकृत बँकेऐवजी गृहवित्त कंपनीकडे वळतात. तीन लाखांचं कर्ज १५ वर्षांसाठी बँकेकडून ९ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण ३०४५ रुपये बसतो, कंपनीकडून १३ टक्क्यांनी घेतलं तर ३८००. महिन्याला साडेसातशेचा फरक, तोही १५ वर्षं. वेळेवर केलेल्या कागदांची किंमत एवढी असते.

तारणाचा घोळ जमिनीतून सुरू होतो. मध्यम शहरात परवडणारी जमीन हद्दीला लागून असलेल्या गावात मिळते, आणि तिथे सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर सरकारी अट असलेली जमीन) असा शेरा निघाला की हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती हातात येईपर्यंत बँकेचा वकील टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकी निर्विवाद असल्याचा अहवाल, देत नाही. विकासकाने बांधकामासाठी पूर्ण जमीन आधीच एका वित्तसंस्थेकडे गहाण ठेवली असेल, तर प्रत्येक सदनिकेसाठी त्या संस्थेचं वेगळं ना-हरकत पत्र आणावं लागतं. ५०० घरांची ५०० पत्रं. हे टाळायचं तर मूळ गहाणखतातच एकेक सदनिका गहाणातून सोडवण्याचं कलम घालून घ्या.

आता अनुदानाकडे. ते मंजूर होतं एकदम, हातात येतं ४०:४०:२० अशा टप्प्यांनी. दुसऱ्या हप्त्यासाठी पहिल्यातल्या ७० टक्के रकमेचं विनियोग प्रमाणपत्र (ती रक्कम खर्च झाल्याचा दाखला) लागतं आणि बांधकाम त्या प्रमाणात पुढे गेलेलं असावं लागतं. शेवटचे २० टक्के घरं आणि प्रकल्पात धरलेल्या पायाभूत सुविधा पूर्ण झाल्यावर. समजा ५०० घरं आहेत, प्रत्येकी सहा लाखांची. प्रकल्प ३० कोटींचा, अनुदान साडेबारा कोटींचं. राज्याचा हिस्साही त्याच टप्प्यांनी धरला तर अडीच कोटी शेवटपर्यंत अडकतात. कंत्राटदाराचं बिल मात्र दर महिन्याला येतं. हे अडीच कोटी १२ टक्क्यांनी आठ महिने उचलले तर व्याज २० लाख, म्हणजे घरामागे चार हजार. अहवालात हा खर्च स्वतंत्र ओळीत दाखवला नाही तर तो अखेर सिमेंट-लोखंडातून निघतो, आणि तो कुठून निघाला हे पहिल्या पावसाळ्यात भिंतीवर दिसतं.

हप्ते अडण्याची कारणं साधी असतात. जिओटॅगचे, म्हणजे जागेची नोंद असलेले, फोटो बांधकामाच्या मागे राहतात. यादीतली काही कुटुंबं गळतात आणि बदली नावांची आधार पडताळणी रखडते. त्रयस्थ तपासणीतल्या शेऱ्यांवर पूर्ततेचा अहवाल जात नाही. या तीन गोष्टींसाठी एक पूर्णवेळ माणूस नेमा. त्याचा वर्षाचा पगार वर काढलेल्या व्याजापेक्षा कमीच असेल.

उशिराचा फटका लाभार्थ्याला दुहेरी बसतो. कर्ज पूर्ण उचललेलं आणि ताबा नाही, अशा अवस्थेत तीन लाखांवर ९ टक्क्यांनी वर्षाला २७ हजार व्याज जातं, शिवाय जुन्या खोलीचं भाडं चालूच. रे नगरची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली आणि पहिली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये हाती आली. मधल्या काळात कोविडही होता, पण एवढ्या मोठ्या प्रकल्पाला पाच वर्षं धरूनच आर्थिक आखणी करायला हवी. कर्जाची उचल स्लॅबनुसार, म्हणजे बांधकाम जसं चढेल तशीच होईल, एकरकमी नाही, हे बँक, विकासक आणि लाभार्थी यांच्या त्रिपक्षीय करारात लिहून घ्या.

घराच्या किमतीत न बसणारा एक मोठा खर्च म्हणजे बाहेरून येणारं पाणी, मुख्य रस्ता, सांडपाण्याची व्यवस्था आणि वीज उपकेंद्र. शहराबाहेरच्या स्वस्त जमिनीची खरी किंमत यातच दडलेली असते. पाण्याची लेखी हमी आणि त्या कामाचा निधी कोणत्या योजनेतून येणार याची मंजुरी, ही दोन्ही कागदं जमीन घेण्याआधी हातात हवीत. नाहीतर इमारती तयार, पण ताबा देता येत नाही, अशी वेळ येते.

देखभालीला योजनेतून पैसा नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) ०.२५ टक्के, दोन्ही दरवर्षी. बांधकाम खर्च पाच लाख धरला तर वर्षाला पाच हजार, महिन्याला ४१७ रुपये. त्यावर पंपाचं वीजबिल आणि सफाई. हप्ता परवडतो का हे तपासताना हे पाचशे-सहाशे रुपये त्यात मिळवूनच कुटुंबाला आकडा सांगा, आणि तोही यादीत नाव घालण्यापूर्वी.