आयआरक्यू ११ला वाली कोण?

सकाळी टेस्ट मशीनच्या कन्सोलवर ओळ दिसली: ‘आयआरक्यू ११: नोबडी केअर्ड’. आयआरक्यू म्हणजे इंटरप्ट लाइनचा नंबर, आणि इंटरप्ट म्हणजे ‘माझ्याकडे बघ’ असा उपकरणाने प्रोसेसरला दिलेला इशारा. लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) हे उगाच म्हणत नाही. १ लाख इंटरप्टपैकी ९९,९००हून जास्त इंटरप्टना कुणीच ‘माझा’ म्हणालं नाही, तर तो ती लाइनच बंद करतो. त्याच लाइनवर आमची डिस्क होती, त्यामुळे मशीन रखडत चालू होतं.

आदल्या दिवशीच मी आमच्या व्हर्च्युअल मशीनमधला (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या कॉम्प्युटरमधला) इंटरप्टचा कोड आवरला होता, त्यामुळे संशयित शोधायची गरज नव्हती.

पीसीआय म्हणजे कार्डं जोडायची व्यवस्था; तिच्या इंटरप्ट लाइन चारच. स्लॉट ३ आणि स्लॉट ७ यांच्या वाट्याला एकच येते. ड्रायव्हरने, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, दखल घेईपर्यंत उपकरणाने ती धरून ठेवायची असते. आमच्या जुन्या कोडमध्ये मात्र प्रत्येक उपकरण परस्पर लाइन चढवायचं, उतरवायचं. डिस्कने धरलेली लाइन शेजारच्या नेटवर्क कार्डने सोडली, की डिस्कचा इंटरप्ट गडप! ‘डिस्क मध्येच अडकते’ ही जुनी तक्रार यामुळेच होती. म्हणून मी सगळ्यांना एका फंक्शनमधून यायला लावलं आणि मोजणी ठेवली: धरणारे शून्य झाले तरच लाइन उतरणार.

आता मोजणी १वर अडकली होती. पण तो एक कोण, हे नुसत्या आकड्यावरून कसं कळणार? (इथे माझं चुकलंच.) आकड्याच्या जागी प्रत्येक उपकरणाचा वेगळा बिट (होय-नाहीची खूण) ठेवला आणि टेस्ट पुन्हा चालवली. स्लॉट ३! नेटवर्क कार्ड. त्याचा ड्रायव्हर टेस्टने नुकताच काढला होता. जाताना ड्रायव्हरने कार्ड रिसेट केलं. आमच्या रिसेटने स्टेटस रजिस्टर (कार्डाच्या स्थितीची नोंद) पुसलं, पण लाइन सोडलीच नाही.

ही चूक माझी नव्हे, कित्येक वर्षांची. पूर्वी डिस्क आपलं काम संपवून लाइन उतरवायची, त्यात कार्डाचंही फावायचं. एका बगने दुसऱ्याला पाठीशी घातलं होतं आणि मी नेमका पहिलाच मारला.

दुरुस्ती एका ओळीची. मग बाकीच्या उपकरणांचे रिसेट वाचत बसलो. आणखी तिघांनी तेच केलेलं. हे पॅच (कोडमधले बदल) मोजणीच्या पॅचआधी लावले, नाहीतर उद्या बायसेक्ट करणारा, म्हणजे जुने बदल अर्धे-अर्धे तपासत बग शोधणारा, नेमका मधल्याच कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) अडकायचा आणि मला शिव्या घालायचा.