पत्रपेटीवरचे नाव : पुण्याहून स्टुटगार्टला

२०२४ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी नोकरीसाठी पुण्याहून जर्मनीतल्या स्टुटगार्टला आले. चाकणच्या पट्ट्यात नऊ वर्षे वाहनउद्योगात काढल्यामुळे या शहराचे नाव कानावरून रोज जात असे, कारण मर्सिडीज-बेंझ, पोर्शे आणि बॉश या तिन्ही कंपन्यांची मुख्यालये याच परिसरात आहेत. मुंबई आणि स्टुटगार्ट ही तर १९६८ पासूनची भगिनी शहरे. त्यामुळे कामाची मला फारशी धास्ती नव्हती, आणि कामावर खरोखरच काही अडले नाही. जे अडले ते घर, कागद आणि टपाल यांच्यापाशी, म्हणून मागाहून येणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट येण्याच्या तारखेची. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बाड कान्श्टाट भागात फोल्क्सफेस्ट ही मोठी जत्रा भरते आणि त्या काळात हॉटेले भरलेली व महाग असतात. तारीख आपल्या हातात असेल तर तेवढे दिवस टाळावेत. पहिल्या दोन महिन्यांसाठी मी बाड कान्श्टाटमध्येच सामानासकट मिळणारी एक खोली घेतली होती. अशी जागा घेताना भाड्याच्याही आधी विचारायचा प्रश्न वेगळाच असतो, तो म्हणजे घरमालक घरनोंदणीसाठीचा सहीचा फॉर्म देणार आहे का. राहायला आल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद, म्हणजे 'आनमेल्डुंग', करावी लागते आणि घरमालकाच्या त्या फॉर्मशिवाय ती होत नाही. ही नोंद झाली की करक्रमांक टपालाने येतो, तो कंपनीला दिला की पगारातला कर योग्य वर्गाने कापला जातो, आणि निवास परवान्यासाठीही पत्त्याची नोंद लागतेच. नोंदणीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते व ती लवकर मिळत नाही, म्हणून पुण्यातून निघण्यापूर्वीच ती शोधायला सुरुवात करावी.

माझी नोंदणी वेळेत झाली, तरी करक्रमांक काही आला नाही. बँकेच्या कार्डाचे पत्रही आले नाही. नोव्हेंबरच्या पगारातून सर्वांत चढ्या वर्गाने कर कापला गेला, तेव्हा मी घाबरले. (ती रक्कम पुढे समायोजित होऊन परत मिळाली.) कारण कळले ते तळमजल्यावरच्या आजींकडून. त्यांनी मला हाताने खूण करून पत्रपेट्यांच्या रांगेपाशी नेले, माझ्या पेटीवर बोट ठेवले आणि सावकाश, मला समजेल अशा जर्मनमध्ये विचारले, "यावर तुमचे नाव कुठे आहे?" पेटीवर घरमालकाचे नाव होते. इथल्या पत्त्यात फ्लॅटचा क्रमांक नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड आणि माणसाचे आडनाव एवढ्यावर टपाल चालते. आपल्याकडे अमुक देवळामागे, तमुक दुकानावर असे सांगितले तरी पोस्टमन घर शोधून काढतो. इथे पेटीवर नाव दिसले नाही तर पत्र आल्या पावली परत जाते. आजींनी घरातून कागदाची बोटभर रुंद पट्टी आणली, तिच्यावर बॉलपेनने ठळक अक्षरांत माझे आडनाव लिहिले आणि चिकटपट्टीने ती पेटीवर आणि दाराच्या घंटेवर लावून दिली. मी करक्रमांक पुन्हा मागवला आणि तो त्याच पेटीत आला. तेव्हा जागेचा ताबा घेतल्याच्या दिवशीच, बॅगा उघडण्याआधी, हे काम करून टाकावे.

नावावरूनच आणखी एक गोष्ट सांगते, आणि ती आपल्या महाराष्ट्रातल्या लोकांना विशेष लागू आहे. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बहुधा वडिलांचे किंवा पतीचे नावही असते. इथे तो सगळा रकाना तुमचेच नाव समजला जातो आणि विमा, बँक, निवास परवाना अशा सर्व कागदांवर तसाच उतरतो. कुठे मधले नाव गाळले आणि कुठे लिहिले की कागद जुळत नाहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिहावे. ज्यांची पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने आहे, त्यांनी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र कायम हाताशी ठेवावे. आपले विद्यापीठ इथे मान्य आहे की नाही हे 'अनाबिन' या संकेतस्थळावर पाहून ते पान छापून घ्यावे. व्हिसाच्या अर्जासाठी ते उपयोगी पडते.

कायमचे घर मिळायला मला चार महिने लागले. जाहिरातीतले भाडे 'काल्ट' आहे की 'वार्म' हे नीट पाहावे. काल्ट म्हणजे निव्वळ जागेचे भाडे; उष्णता, पाणी, कचरा यांचा खर्च धरला की वार्म होते, आणि घरातल्या विजेचा करार बहुधा आपला आपण करावा लागतो. अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याइतकी मागता येते. पाहायला गेले त्यातल्या एका घरात स्वयंपाकघर म्हणून जी खोली दाखवली, तिच्यात भिंतीतून बाहेर आलेले दोन नळ आणि शेगडीची तार याखेरीज काही नव्हते. ओटा, सिंक, कपाटे ही बहुधा भाडेकरूची मालमत्ता असते आणि जाताना तो ती घेऊन जातो. मी जुन्या भाडेकरूकडून सगळे स्वयंपाकघर विकत घेतले. नव्या माणसाने शक्यतो हाच मार्ग धरावा, कारण नवे बसवायचे तर कित्येक आठवडे जातात.

या प्रदेशाची खास रीत म्हणजे 'केअरवोखे', झाडण्याचा आठवडा. एका सोमवारी आमच्या दाराच्या मुठीला दोरीने बांधलेली एक लाकडी पाटी लटकत होती. तिचा अर्थ असा की या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना आपण झाडून पुसायचा आणि रविवारी ती पाटी शेजारच्या दाराला लावायची. मोठ्या पाळीत अंगण आणि इमारतीपुढचा पदपथ येतो, आणि हिवाळ्यात बर्फ काढणेही. हे काम मन लावून करावे. जिना पुसत असताना वरखाली जाणाऱ्या माणसांशी माझे जेवढे बोलणे झाले तेवढे एरवी कुठेच झाले नसते. मुलीच्या बालवाडीचा अर्ज कुठे आणि किती लवकर द्यायचा हे मला त्या जिन्यातच समजले.

रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे बाजारहाट शनिवारी उरकावा. रात्री १० नंतर आणि रविवारी दिवसभर आवाजाचे काम करू नये. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पिंपात टाकण्यालाही रविवारी मनाई असते. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात बाटली परत दिली की मिळते. फोडणी दिल्यावर खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडाव्यात, अगदी बाहेर बर्फ असला तरी. बंद घरात वाफ साचून भिंतींना बुरशी धरते, आणि त्याची जबाबदारी भाडेकरूवर येऊ शकते. पोळ्यांसाठी दुकानातले ४०५ क्रमांकाचे पीठ घेऊ नका, ते मैद्यासारखे असते; आपली कणीक आणि तूरडाळ आशियाई दुकानांत मिळते, कोथिंबीर तुर्की दुकानांत.

नोंदणीनंतर रेडिओ-दूरचित्रवाणीच्या शुल्काचे पत्र येते. घरटी महिन्याला १८.३६ युरोचे हे शुल्क टीव्ही नसला तरी भरावेच लागते, तेव्हा ते पत्र बनावट समजून फेकू नये. आजारी पडल्यास आधी आपल्या ठरलेल्या डॉक्टरकडे जावे, दवाखाने बंद असताना ११६११७ ला फोन करावा, आणि जिवावर बेतले असेल तर ११२ ला.

भाषेविषयी कळकळीने सांगते. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराला मिळणारा निवास परवाना; ते असलेल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही आणि इथे आल्यावर नोकरी करण्याची मुभाही असते. म्हणून माझे पती भाषा न शिकताच आले. पहिल्या हिवाळ्यात, दुपारी साडेचारलाच अंधार पडत असताना, ते दिवसभर घरात एकटे असत, आणि ते पाहणे मला फार जड गेले. पुण्यात मॅक्स म्युलर भवन असताना सहा महिन्यांचा वर्गही न केल्याची रुखरुख आम्हा दोघांना आहे. जोडीदाराने निदान दुकानात, दवाखान्यात आणि बालवाडीत बोलता येईल इतके शिकूनच निघावे.

शेवटी गाडीच्या परवान्याविषयी. भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून फक्त सहा महिने चालतो. त्यानंतर लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, शिवाय प्रथमोपचाराचा वर्ग आणि डोळ्यांची तपासणी. मी सातव्या महिन्यात अर्ज केला आणि तेव्हापासून शहरातली ट्राम आणि शनिवारची जड पिशवी यांवरच घर चालले आहे. तुम्ही दुसऱ्याच महिन्यात अर्ज करा.