बाबांची सेकंड शिफ्ट

चंद्रपूरचा मे महिना. बाबा ऊर्जानगरातून, म्हणजे औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीतून, सेकंड शिफ्टला निघत, तेव्हा ऊन लागू नये म्हणून आई त्यांच्या खिशात कांदा ठेवायची. ते कोल हँडलिंगला होते. कोळशाच्या रेल्वे वाघिणी उलथवून रिकाम्या करणारं टिपलर, कोळसा वाहून नेणारे मैलभर सरकते पट्टे, मग गिरणीत कोळशाची पिठासारखी भुकटी, आणि ती बॉयलरात.

महानिर्मितीच्या या केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे. पाणी इरई धरणाचं. सौरऊर्जा वाढतेय, याचा मला मनापासून आनंद आहे. पण सूर्य मावळतो, कूलर मात्र चालूच असतात. तेव्हा ग्रिडची, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, ५० हर्ट्झची लय सांभाळायला असेच कोळशावरचे वीजसंच मागणीचा लोड उचलतात. मुंबईत लिफ्टचं बटण दाबताना मला अजून बाबांची काळी पडलेली कॉलर दिसते.